चार हजार वॅटचे गुळवणी

विश्वनाथ गुळवणी दिल्लीत एका मंत्रालयात अप्पर डिव्हिजन क्लार्क होते. त्यांचा आवाज इतका बारीक होता, की कँटीनमध्ये त्यांनी मागितलेला चहा हमखास मागच्याला मिळायचा. साहेबांपुढे फाईल नेली तर साहेब आधी पंखा बंद करायला सांगत. या माणसाने एके दिवशी चार हजार वॅटचा डेक घरी आणला.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. बाजारात परदेशी दिसणाऱ्या वस्तूंचा पूर आला होता. लाल किल्ल्यासमोरच्या बाजारात गुळवण्यांनी दोन डेक पाहिले. नावाजलेल्या कंपनीच्या डेकवर कोपऱ्यात लहान अक्षरांत ‘४० वॅट’ लिहिलं होतं. दुसरा, कोणी कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचा, त्याहून स्वस्त, आणि त्याच्या कपाळावर सोनेरी अक्षरांत ‘४००० वॅट पी.एम.पी.ओ.’

“पी.एम.पी.ओ. मतलब?” गुळवण्यांनी विचारलं.

“मतलब, साब, पड़ोसी याद रखेंगे,” दुकानदार म्हणाला.

आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये डेक टेबलावर बसवला, तेव्हा गुळवणी पत्नीला म्हणाले, “कुमुदिनी, लोणच्याच्या बरण्या खाली काढून ठेव.”

“का?”

“चार हजार वॅट आहेत. फळी हादरेल.”

कुमुदिनीबाईंनी कपाळाला हात लावला, पण बरण्या उतरवल्या. गुळवण्यांनी कॅसेट घातली, श्वास रोखला आणि बटण दाबलं. हिरवे-तांबडे दिवे नाचले, आणि त्याच क्षणी अख्खा ब्लॉक अंधारात गेला.

आता उन्हाळ्यात दिल्लीची वीज जाते, यात नवल ते काय? पण जिन्यात मेणबत्त्या घेऊन माणसं जमली आणि वरच्या मजल्यावरच्या विजयालक्ष्मीबाईंनी विचारलं, “क्या हुआ?” तेव्हा गुळवणी अपराधी चेहऱ्याने पुढे झाले.

“सॉरी. मैंने अभी-अभी डेक लगाया था. चार हजार वॅट का है.”

आयुष्यात पहिल्यांदाच लोक गुळवण्यांकडे मान वर करून बघत होते.

त्या दिवसापासून ब्लॉकमध्ये वीज गेली की लोक आधी गुळवण्यांच्या खिडकीकडे बघू लागले. कुणाच्या टीव्हीवर मुंग्या आल्या, गुळवण्यांचा डेक. कुणाचा मिक्सर अडकला, गुळवण्यांचा डेक. कुमुदिनीबाई सांगून थकल्या, की हे दिवसभर ऑफिसात असतात आणि डेकवर कापड झाकलेलं असतं. कोण ऐकतो? गुळवण्यांनीही कधी नाकारलं नाही. लोक परवानगी मागायला दारात येऊ लागले. “गुळवणी जी, आज मैच है, प्लीज़.” विजयालक्ष्मीबाई इडलीचं पीठ वाटण्याआधी खाली निरोप पाठवत. गुळवणी मोठ्या मनाने मान हलवत, “बिल्कुल, आज नहीं लगाऊँगा.”

खरं म्हणजे ते लावतच नव्हते. आवाजाचं बटण त्यांनी दोनच्या पुढे कधी नेलं नव्हतं. त्यांना स्वतःलाच भीती वाटायची.

शेवटी ब्लॉकमधल्या काही जणांनी वीज कार्यालयात तक्रार केली, आणि एका रविवारी सकाळी निरीक्षक दारात उभा राहिला. हरियाणवी, आडदांड, खांद्याला पिशवी.

“एक किलोवाट का मंज़ूर लोड है, और घर में चार किलोवाट का बाजा? कनेक्शन काट दूँगा.”

बघता बघता अख्खा ब्लॉक जिन्यात गोळा झाला. निरीक्षकाने घरातले पंखे, दिवे, फ्रीज सगळं बंद करायला लावलं आणि म्हणाला, “अब चलाओ. फुल.”

गुळवण्यांनी बरण्यांकडे एकदा बघितलं आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. डेकमधून पत्र्यावर खडे ओतल्यासारखा आवाज आला. दिवे नाचले. मीटरची चकती मात्र उन्हात पडलेल्या म्हशीसारखी जागची हलेना. निरीक्षक नाक लावून बसला. फार वेळाने ती जरा सरकली.

“बाबूजी,” तो उठत म्हणाला, “इससे ज़्यादा तो मेरे घर का ज़ीरो बल्ब खाता है. लिखकर दे दो कि डिब्बे पर झूठ लिखा है. मामला ख़त्म.”

कुमुदिनीबाईंनी लगेच पेन आणलं. “लिहा. एकदाचं लिहा आणि मोकळे व्हा.”

गुळवण्यांनी पेन घेतलं. जिन्यातले चेहरे बघितले आणि पेन परत ठेवलं.

“झूठ नहीं है,” ते म्हणाले. “आज इसकी तबीयत ठीक नहीं है.”

निरीक्षक हसणार, इतक्यात विजयालक्ष्मीबाई पुढे आल्या. तक्रार करणाऱ्यांत त्यांचंच नाव पहिलं असणार, असा कुमुदिनीबाईंचा अंदाज होता. त्या कडाडल्या, “गुळवणी जी सच बोल रहे हैं. मेरा फ्रिज इसी डेक से जला है!” मग सगळेच पेटले. कुणी म्हणालं, माझा टीव्ही. कुणी म्हणालं, माझी इस्त्री. इतके महिने आपण झिरो बल्बाला घाबरून सामने बुडवले, हे कोण कबूल करणार? चार हजार वॅट खरे असणं आता सगळ्यांच्याच इज्जतीचं झालं होतं.

“तो फिर काटूँ कनेक्शन?” निरीक्षक गोंधळून म्हणाला.

“काटिए मत. मेरा लोड बढ़ा दीजिए,” गुळवणी म्हणाले. “मैं नियम से चलूँगा.” आणि हे वाक्य थेट खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं.

“वेड लागलंय यांना,” कुमुदिनीबाई स्वयंपाकघरात जाऊन म्हणाल्या.

सरकारी काम, त्याला वेळ लागायचा तो लागला. पण वाढीव लोडसाठी माणसं आली, त्यांनी जमीन खणली, तेव्हा ब्लॉकची केबल कुजून काळी पडलेली सापडली. तिच्या जागी मनगटाएवढी जाड नवी केबल पडली. वीज जाणं पुष्कळ कमी झालं, टीव्हीवरच्या मुंग्या गेल्या. ब्लॉकमधले लोक एकमेकांना सांगू लागले, “देखा? उसी डेक का लोड था.” विजयालक्ष्मीबाईंनी नव्या मिक्सरवर वाटलेल्या पिठाच्या इडल्या डबा भरून पाठवल्या.

निवृत्तीनंतर गुळवण्यांनी नोएडाच्या एका नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला. सामान चढवताना हमालाच्या हातून डेकचा स्पीकर निसटला, त्याची मागची फळी सुटली आणि आतून एक अख्खी वीट जमिनीवर पडली. वजनासाठी कंपनीने बसवलेली. तिच्यावर भट्टीचं नावही कोरलेलं होतं.

कुमुदिनीबाई जिन्यात बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. गुळवणी मात्र वीट उचलून बराच वेळ उलटीपालटी करून बघत राहिले.

“चांगली भाजलेली आहे,” ते म्हणाले.

नोएडात आंधी सुटली की बाल्कनीचं दार आपटतं. ती वीट आता त्या दाराला लावलेली असते.