वास टाकणारे काका

काका कुणाच्याही घरी आले की आधी दारातच थांबायचे. उजव्या हाताचं बोट जिभेला लावून ओलं करायचे, वर धरायचे आणि विचारायचे, "वारा कुठनं येतोय?" बाहेर बर्फ, आत हीटर, खिडक्या बंद; कसला वारा आणि कसलं काय! पण काकांना तो सापडायचा. मग तो जिकडे जातोय त्या टोकाची खुर्ची धरून ते बसायचे, आपला वास दुसऱ्याला नको म्हणून. वास बडीशेपेच्या तेलाचा. तो त्यांच्या स्वेटरला होता, बुटांना होता, गाडीच्या सीटला होता. मराठी मंडळातली पोरं त्यांना मुखवास अंकल म्हणायची आणि काकांना ते ठाऊक होतं.

रिटायर झाल्यावर माणसाचं काही सांगता येत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल. कुणाला मधुमेह होतो, कुणाला अध्यात्म होतं. आमच्या काकांना कुत्रे झाले.

आम्ही न्यू जर्सीच्या पार पश्चिमेला राहतो. धड इडलीचा रवा हवा तर तासभर ड्राइव्ह करून आयसेलिनला जावं लागतं. आमच्या कॉलनीत निम्मे लोक सॉफ्टवेअरवाले, आणि कुंपणापलीकडे घोड्यांची कुरणं. काका मूळचे सांगलीचे, केमिस्ट. स्वाद बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी हयात घालवली. लहान मुलांच्या औषधाला केळ्याची चव असते ना, तसल्या चवी ते करायचे. रिटायर झाल्यावर एका सकाळी फिरायला गेले असताना कुरणात त्यांना सत्तरीची एक अमेरिकन बाई दिसली. ती दोरीला चिंधी बांधून गवतातून ओढत चालली होती. काका थांबले, दोनदा नाक ओढलं आणि तिला सांगितलं की बाई, तुमच्या चिंधीच्या बडीशेप तेलात भेसळ आहे.

दुसरी कुणी असती तर पोलीस बोलावले असते. ही म्हणाली, मग चांगलं तुम्ही आणा. झालं.

बाईंकडे हाउंड जातीच्या शिकारी कुत्र्यांचा ताफा होता. त्यांचे वडील त्या कुत्र्यांना घेऊन खरोखरीच्या कोल्ह्यामागे जायचे. बाईंनी ते कधीच बंद केलं होतं. आता आधी कुणीतरी तेलात बुडवलेली चिंधी रानातून ओढत न्यायची, मग कुत्रे त्या वासाचा माग काढत धावायचे आणि त्यांच्यामागे घोड्यांवर बसलेली मंडळी. कोल्हा नाही, रक्त नाही. शेवटी चिंधीवाला बिस्किटं घेऊन उभा असायचा. तो चिंधीवाला म्हणजे काका. आता तुम्ही शिकार करता का, असं कुणी विचारलं की ते दोन्ही कानांना हात लावायचे.

"छे हो. मी फक्त वास टाकतो."

काकूंचं मत वेगळं होतं. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या, हे त्या येईल त्याला ऐकवायच्या. चिंधी घरात आणायची नाही, बूट गॅरेजबाहेर, आणि शनिवारी आंघोळ झाल्याशिवाय पोहे नाहीत, असा कायदाच होता त्यांचा. काका तो निमूट पाळायचे. पण काकूच हळू आवाजात मला म्हणाल्या होत्या की कंपनी सुटल्यावर सहा महिने हा माणूस खिडकीशी बसून होता, आता निदान झोपतो तरी.

एकदा माझ्या मैत्रिणीच्या मागच्या अंगणात डोहाळजेवण होतं. बायकांनी ताटभर बडीशेप भाजून डेकवर गार व्हायला ठेवली होती. ओटी भरायला सुरुवात होते न होते तोच कुंपणाच्या फटीतून दोन कुत्रे आत आले, थेट डेकवर चढले आणि बडीशेपेपाशी मान वर करून गळा काढून भुंकू लागले. आपण शोध लावला म्हणून! बायका पळाल्या, डोहाळकरीण खुर्चीवर उभी राहिली. काका धापा टाकत आले. आधी कुत्र्यांना बिस्किटं दिली, मग आमची माफी मागितली, त्याच क्रमाने. वर, चिंधीच्या तेलातलं आणि भाजलेल्या बडीशेपेतलं रसायन एकच आहे, हा कुत्र्यांच्या नाकाचा मोठेपणा आहे, असं आम्हाला समजावलं. त्या घरचं बाळ आता शाळेत जातं आणि कुत्र्यांना अजिबात घाबरत नाही.

मी घाबरते. घोड्यांना तर त्याहून. तरी एका शनिवारी त्यांचा उद्योग बघायला गेले. काका पुढे, मी मागे. मध्येच त्यांनी चिंधी उचलून खांद्यावर टाकली, बरंच अंतर तसेच चालले आणि मग पुन्हा खाली सोडली. मी विचारलं, हे काय? म्हणाले, सरळ माग दिला तर त्यांना मजा नाही, थोडं हरवू द्यायचं. मग आम्ही टेकाडाखाली उभे राहिलो आणि लांबून कुत्र्यांचा आवाज आला. काका एकेकाला आवाजावरून ओळखत होते, आजीने नातवंडं ओळखावीत तसे. कुत्रे आले ते त्यांच्या अंगावरच आले. "हळू रे बाबांनो, आहे, सगळ्यांना आहे," असं काका मराठीत सांगत होते. मी त्या माणसाला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

पुढे गावात वाद पेटला. गावच्या मोकळ्या जमिनीवर कुत्र्यांचा ताफा सोडायलाच बंदी घालावी, मग माग खोटा असो की खरा, असा ठराव टाउनशिपपुढे आला. बंदीवाल्यांचं म्हणणं, वासाचा माग हा नुसता बहाणा आहे, कुत्र्याला कोल्हा दिसला तर तो चिंधी हुंगत बसणार आहे का? दुसरी बाजू म्हणायची, आमच्या हातून माशीही मेली नाही, हा आमचा जुना खेळ आहे, तुम्ही काल आलात. लॉनवर पाट्या लागल्या. मराठी मंडळीही विभागली गेली. माझ्या लॉनवर पाटी नव्हती, कारण मला दोन्हीकडच्यांशी भाजी-आमटीची देवाणघेवाण ठेवायची होती.

आणि मग तो शनिवार आला. मुलांचं सॉकर चालू होतं. मैदानाच्या कडेने एक कोल्हा धावत आला, मागून सगळा ताफा, आणि मुलांच्या देखत कुत्र्यांनी त्याला फाडला. आयांनी मुलांचे डोळे झाकले. एका बापाने व्हिडिओ काढला, तो तासाभरात घरोघरी पोचला.

बाईंच्या वकिलाने सांगितलं की हा अपघात आहे. माग मैदानाच्या कडेनेच टाकलेला होता, कुत्रे त्यावरून येत होते, कोल्हा मध्ये सापडला. हे खरं ठरलं असतं तर ठराव पडला असता, कारण समितीत दोन्ही बाजू सारख्या होत्या आणि एक सभासद कुंपणावर बसलेला होता. माग कुठे होता हे सांगू शकणारा माणूस जगात एकच.

बाई काकांच्या घरी आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काकूंनी चहा केला, चिवडा ठेवला. पुढचं मला काकूंनी सांगितलं. बाईंनी भीडभाड न ठेवता मागितलं. तुम्ही त्या दिवशी मैदानाकडून गेला होतात, एवढंच सांगा. ठराव झाला तर माझा ताफा मोडेल, कुत्रे दुसऱ्या राज्यात देऊन टाकावे लागतील. काका बराच वेळ चिवड्यातले शेंगदाणे बाजूला काढत बसले. मग त्यांनी एकच विचारलं. "तुम्ही शिंग का वाजवलं नाही?"

शिंग वाजलं की कुत्रे थांबतात, तशी त्यांना शिकवण असते. त्या सकाळी काका ओढ्याच्या पलीकडे बिस्किटं घेऊन वाट बघत उभे होते. कुत्रे आलेच नाहीत. आवाज भलतीकडून यायला लागला तेव्हा ते टेकाडावर चढले. बाई घोड्यावर होत्या, शिंग हातात होतं, आणि त्या नुसत्या बघत होत्या. बाईंनी या प्रश्नाला जे उत्तर दिलं ते काकूंच्या मनात राहिलं. त्या म्हणाल्या, वडील गेल्यापासून मी असं धावणं पाहिलं नव्हतं. चहा तसाच ठेवून त्या निघून गेल्या.

काकूंनी काकांना बजावलं, तुम्ही त्या सभेला जाऊच नका, तेरी भी चूप मेरी भी चूप, ताप आला म्हणून कळवा. मीही तेच म्हटलं. काका म्हणाले, ताप आला की बोलेन तापाबद्दल.

सभेत प्रत्येकाला तीन मिनिटं होती. हॉल गच्च. काका सूट घालून माइकपाशी गेले. इंग्रजीत, सावकाश बोलले. त्या दिवशीचा माग मी ओढ्याच्या पलीकडे टाकला होता. मैदानाकडे मी गेलोच नाही. कुत्रे माग सोडून गेले, त्यांना थांबवता आलं असतं, ते थांबवले गेले नाहीत. आणि ते वळून जायला लागले. अध्यक्षांनी हटकलं, सर, तुम्ही ठरावाच्या बाजूने की विरोधात, ते नोंदवायचं राहिलं.

"विरोधात," काका म्हणाले. "बंदी घालू नका. पण मैदानाकडे मी गेलो नव्हतो."

हॉलमध्ये हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला.

बाहेर पार्किंगमध्ये बंदीवाले काकांचा हात हातात घेऊन शाबासकी देत होते. आमच्या मंडळातला एकजण म्हणाला, काका, यार, तुम्ही तर कमालच केलीत! मला त्या सगळ्यांचा संताप आला. माणूस स्वतःच्या हाताने आपलं सुख मोडून आला होता आणि हे टाळ्या वाजवत होते. काका मान खाली घालून "थँक यू, थँक यू" म्हणत गाडीपर्यंत गेले.

बाईंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. शनिवारी सकाळी काका उठायचे, बूट घालायचे आणि गॅरेजपर्यंत जाऊन परत यायचे. काकूंनी एकदा न राहवून पोह्यांना आंघोळीची अट काढून टाकली. काका तरी आधी आंघोळच करायचे.

ताफा व्हर्जिनियाला निघाला त्या सकाळी काकांचा फोन वाजला; बाईंचा नोकर बोलावत होता. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून त्यांना मी घेऊन गेले. बाईंच्या आवारात नवा कोरा मोठा ट्रक उभा होता. त्याची लोखंडी फळी पाय पडला की खणखणायची, आणि कुत्रे काही केल्या चढत नव्हते. नोकर त्यांना ओढत होते, कुत्रे अंग टाकून देत होते. बाई लांब उभ्या होत्या. काकांना त्यांनी नुसती मान हलवली. काकांना काय करायचं ते सांगावं लागलं नाही.

त्यांनी चिंधी तेलात बुडवली, दोरी बांधली. आवाराच्या दुसऱ्या टोकाला गेले, गोठ्याला वळसा घातला, झाडांतून बाहेर आले, आणि फळीवरून वर चढून ट्रकच्या आत दिसेनासे झाले. पहिल्या कुत्रीने नाक खाली घातलं आणि गळा काढला. मग सगळेच. गोठ्याला वळसा घालून, झाडांतून, कुठेही न चुकता ते धावत आले आणि खणखणत फळीवरून आत गेले. आतून काकांचा मराठी आवाज येत होता, आहे, सगळ्यांना आहे.

ड्रायव्हर दार लावायला पुढे झाला. पल्ला मोठा होता, त्याला घाई होती. बाईंनी त्याचा हात धरला.

"थांब," त्या म्हणाल्या, "तो अजून आत आहे. त्याला वेळ लागेल."

आम्ही तिघे बाहेर उभे राहिलो. हळूहळू आतलं भुंकणं थांबलं, बिस्किटं संपली असावीत. काका काही बाहेर येत नव्हते, आणि बाई काही त्यांना हाक मारत नव्हत्या.