अंकलनी दाखवलेला फोटो

सिंगापूरमध्ये सेरंगूनला आमच्या शेजारचे चिनी अंकल दर शनिवारी नेमबाजीच्या क्लबला जातात. "पिस्तूल क्लबमध्येच ठेवायचं, लाह. घरी कशाला?" असं इथल्या ढंगात 'लाह' लावून हसून सांगतात.

मध्यंतरी अमेरिकेत त्यांच्या नातवाच्या शाळेत गोळीबार झाला. नातू सुखरूप होता, पण अंकलच्या घाबरलेल्या मुलाने तिथल्या घरी बंदूक आणली. तेव्हापासून अंकल रोज कॉरिडॉरमध्ये उभे राहून मुलाला फोन करत. आवाज न चढवता एवढंच विचारत, "कुलपात ठेवलीस? गोळ्या वेगळ्या ठेवल्यास?" मुलगा चिडून फोन ठेवायचा. अंकल दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायचे.

काल त्यांनी मला थांबवून मोबाइलवर मुलाने पाठवलेला फोटो दाखवला. मला वाटलं, नातवाचा असेल. पण फोटोत भिंतीला पक्कं बसवलेलं, बंदूक ठेवायचं लोखंडी कपाट होतं, कुलूप लावलेलं.

"छान आहे ना?" त्यांनी ओल्या डोळ्यांनी विचारलं.

"फार छान आहे, अंकल," मी म्हणाले.