परीक्षेला न येणारा प्रश्न

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. लिहिलेलंही नाही — आणि माझ्या बाबतीत न लिहिणं ही अधिक गंभीर गोष्ट, कारण मी सगळंच लिहितो. बस वेळेवर सुटली नाही, आगारप्रमुखांना लिहिलं. निकाल लांबला, कुलगुरूंना लिहिलं — विषय, संदर्भ, कलमं, आणि खाली प्रत माहितीस्तव कोणाकोणाला. राग स्वभावातच होता; त्याला कायद्याची भाषा मिळाली. वकिलीची पदवी घेतली, वकिली केली नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालो.

माझं सर्वांत गाजलेलं पत्र मोबाइलविरुद्ध होतं. विद्यार्थ्यांची शिकण्याची इच्छा या यंत्राने खाल्ली, असं मी वर्तमानपत्रात लिहिलं. लोकांनी कात्रणं जपली. प्राध्यापकांच्या एका कार्यशाळेत मला बोलावलं — विषय, विद्यार्थ्यांत अध्ययनाची प्रेरणा कशी जागवावी. बोललो. टाळ्या मिळाल्या. तुम्ही म्हणाल, मत होतं, मांडलं. यात अपराध कोणता? थांबा. मी अजून तिथवर आलेलो नाही. आणि खरं सांगायचं तर, यायची इच्छाही नाही.

ते पत्र लिहिण्याआधीची एक संध्याकाळ आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावला एका लग्नाला निघालो होतो. जीपमध्ये चालकाच्या शेजारी बसलो, थंडी म्हणून डोक्याला मफलर. मागे तिघी-चौघी मुली चढल्या. त्यांनी मला ओळखलं नाही, मी ओळखलं. त्यांत कांचन होती — बी.ए.चं शेवटचं वर्ष, घरी शेळ्या-मेंढ्या. बाजाराच्या दिवशी ती वर्गात नसायची, तेव्हा मैत्रिणी तिच्यासाठी माझे तास मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवायच्या. असली की ती स्वतः करायची. हे मला नंतर समजलं. त्या क्षणी इतकंच समजलं, की मागून माझाच आवाज येतो आहे.

नैसर्गिक न्यायाचा तास. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल नाही. कोणी स्वतःच्याच प्रकरणात न्यायाधीश असू नये. माझे शब्द, माझा खाकरा.

“आता चष्मा पुसतेत बघ,” एक म्हणाली. आवाज थांबला — मी खरोखरच तिथे चष्मा पुसतो.

“आता म्हणतेत बघ गं!” आणि माझा ठरलेला विनोद त्या सगळ्या मोबाइलमधल्या माझ्या आवाजासोबत एका सुरात बोलल्या: कायदा आंधळा असतो, पण तुमच्यासारखा बहिरा नसतो. जीप हसली. चालकही हसला.

“हसू नका माय, वकिलीला जायचं तर हे पक्कं लागतंय. पुन्हा लाव,” कांचन म्हणाली.

एवढंच असतं तर मी बहुधा विसरलो असतो. पण पुढे त्या तासातला तिचा प्रश्न आला. तो तिने विचारला होता हेच माझ्या लक्षात नव्हतं. “सर, बोल म्हनलं, पन ते मानूस भ्यालं, तोंडातून शब्दच न्हाई निघाला — तर त्याची बाजू ऐकली म्हनायचं का न्हाई?”

इतकी वर्षं शिकवत होतो. असा प्रश्न मला कधी कोणी विचारला होता का? मला तरी आठवत नाही. आणि मग माझा आवाज — थंड, कंटाळलेला — “हे परीक्षेला येत नाही. बस खाली. लिहून घ्या.”

मागे कोणीतरी विचारलं, “सर आपल्यावर काहून चिडून राहतेत गं?”

“चिडत न्हाईत,” कांचन म्हणाली. “त्यायला आपन दिसतच न्हाई.” तक्रारीचा सूर नव्हता. रस्ता खराब आहे म्हणावं, तसं.

मी काय करायला हवं होतं? मफलर काढून मागे वळता आलं असतं. मी गोरेगावच्या अलीकडेच उतरलो, पायी गेलो, आणि दुसऱ्या दिवशी कांचनविरुद्ध तक्रार लिहिली. विनापरवानगी ध्वनिमुद्रण, शिक्षकाच्या हक्कांचा भंग, संस्थेची शिस्त. मुद्देसूद, नेहमीसारखी. शिस्त समिती बसली. तक्रारदार मी, समितीत सदस्यही मीच. तत्त्व मला माहीत नव्हतं का? मी ते शिकवत होतो.

प्राचार्यांनी कांचनला विचारलं, तुला काही म्हणायचं आहे? ती माझ्याकडे पाहत राहिली. ओठ हलले, शब्द निघाला नाही. मी लिपिकाला मजकूर सांगितला — म्हणणे मांडण्याची पुरेशी संधी दिली असता विद्यार्थिनी निरुत्तर राहिली. तो सांगताना मला तिचा प्रश्न आठवत होता. होय, आठवत होता. सगळं या एका वाक्यासाठी लिहितो आहे.

समितीने सांगितलं तसे मोबाइलमधले सगळे तास तिने आमच्यासमोर, स्वतःच्या बोटाने पुसले. त्यानंतर ती वर्गात दिसली नाही. परीक्षेला बसली का, वकिलीला गेली का — महाविद्यालयात विचारलं असतं तर कळलं असतं. मी विचारलं नाही.

मोबाइलविरुद्धचं ते पत्र त्यानंतरचं. जिची शिकण्याची भूक त्या यंत्रात साठवलेली होती, ती मी तिलाच पुसायला लावली, आणि आळ यंत्रावर घातला.

निवृत्तीच्या वर्षी महाविद्यालयात डिजिटल वर्ग आला. मुलांना घरबसल्या ऐकता यावेत म्हणून माझे सगळे तास ध्वनिमुद्रित केले गेले, आणि त्याबद्दल माझा सत्कार झाला. नैसर्गिक न्यायाचा तासही त्यात आहे. मी तो एकदा घरी लावून ऐकला. आवाज स्वच्छ आहे, पंख्याची घरघर नाही, विनोद जागच्या जागी आहे. मी चष्मा पुसतो, पुढे बोलू लागतो.

मध्ये कोणी काही विचारत नाही.