काडीचा गुण का मातीचा

जरीनानं मणी दाताखाली फोडला, बी चावली आणि तोंड वाकडं करून थुकली. अजून कच्ची. ती पुढच्या वेलाकडं सरकली. कागलजवळच्या गणपतरावांच्या द्राक्षबागेत ती सकाळधरनं अशीच वाकून फिरत होती आणि गणपतराव बांधावर बसून बघत होते. प्रश्न दोघांनाबी ठावा होता. ही बाग ठेवायची का उपटायची?

जरीना कबनूरची. नवरा शहजाद यंत्रमागावर कामाला, ही कलमं बांधणारी. रानटी वेलाचा खुंट चिरायचा, त्यात पाहिजे तसली काडी पाचरीगत बसवायची, वरनं पट्टी आवळायची. माहेरी तासगावला भावाच्या मागं मागं फिरून शिकली. लग्न करून इकडं आली तर कोण बागेत पाऊल टाकू देईना. बाईच्या हातचं कलम धरत न्हाई म्हणायचे. एकटे गणपतराव म्हणाले, "खुंटाला काय कळतंय, हात कुणाचा हाय त्यो?" तवापासनं त्या माणसाला कोण उणं बोललं की जरीना अंगावरच जायची.

चार वर्षांमागं संयोगिता म्हणून एकीनं जोतिबाच्या डोंगराखाली वाइनचा छोटा कारखाना काढला. पोरगी शिकलेली, हिशेबी. तिनं नाशिककडनं शिराज द्राक्षाच्या काड्या आणल्या. जात एकच, पण दोन वेगळ्या वेलांच्या. एका वेलाचा घड कणसागत गच्च, दुसऱ्याचा मोकळा, विस्कटलेला. गच्च घडाला वजन जास्त, म्हणून ती काडी गणपतरावांच्या काळ्या कसदार रानात लावायची. मोकळी काडी डोंगराच्या उताराला, तिथल्या आकाराम नावाच्या शेतकऱ्याच्या मुरमाड रानात. असं ठरलं.

जरीनानं घरनं मागावरचं सूत आणलं. गच्च घडाच्या मोळ्यांना लाल धागा, मोकळ्याच्यांना पांढरा. सगळ्या एकाच टाकीत औषधाच्या पाण्यात भिजत घातल्या. पाणी तांबडं झालं. औषधच तसलं असंल म्हणून तिनं सोडून दिलं. मग धागा बघून मोळ्या वाटल्या आणि दोन्ही रानांत कलमं बांधली.

गेल्या साली पहिली वाइन निघाली. डोंगराची झकास. कागलची पाणचट, वर कुबट वास. संयोगितानं सरळ सांगितलं, काडीच खराब निघाली, बाग काढा. आकारामनं गावभर केलं की जरीनानं त्याला चांगली काडी दिली आणि म्हाताऱ्याला टाकाऊ. गणपतराव तिच्या बाजूनं बोलायला गेले आणि आपल्याच रानाला नावं ठिवून बसले. म्हणाले, "काडीला काय झालं न्हाय. आमची मातीच दारूची न्हवं."

जरीनाला दोन्ही पटंना. काडी का माती? दोन रानांत दोन काड्या, मग कळायचं कसं?

म्हणून ती आज बी चावत फिरत होती. गच्च घडात मणी एकमेकाला दाबून फुटलेले, आत बुरशी. पिकलेली बी तपकिरी असती, कडक वाजती. हितं सगळ्या हिरव्या. आणि तिसऱ्या ओळीत ती थबकली. समोर मोकळा घड. हितं कुठनं आला? मणी फोडला. बी कडक वाजली. पुढच्या ओळीत आणखी एक. मग पाच-सहा.

"आबा, हिकडं या बघू," तिनं हाक मारली. "तुमच्या रानात डोंगराची काडी घुसलीया."

तशीच एसटी धरून ती आकारामच्या उतारावर गेली. तिथंबी तीच गत, मोकळ्यांत मधीमधी गच्च घड. पण त्या मुरमात त्यांचे मणी बारके, सालीनं जाड, बुरशीचा ठिपका न्हाई. वाऱ्यानं सगळं कोरडं ठेवलेलं.

मग संयोगिताकडं. दोन रानं, दोन काड्या, चार बरण्यांत वेगवेगळी वाइन लावा म्हणाली. एवढ्याशा मालाला कोण राबतंय, असं संयोगिता कुरकुरली. जरीना हलली न्हाई.

"आबांची बाग उपटायची न्हवं? उपटा की. पण आधी ह्या चार बरण्या भरा. न्हाईतर मी हितंच बसतो."

काढणीला चारी माल वेगळे तोडून बरण्या भरल्या. चव घ्यायच्या दिवशी गणपतराव धुतलेलं धोतर नेसून आले आणि म्हणाले, "मी माळकरी, तू रोजे धरणारी. बरी माणसं मिळाली हो वाइनला."

दोघांनी नुसता वास घेतला. कागलच्या गच्च घडाचा तोच कुबट. कागलच्या मोकळ्या घडाला मात्र भाजलेल्या मिऱ्याचा वास आला. संयोगितानं घोट घेतला, परत घेतला. मग डोंगराच्या दोन्ही चाखल्या आणि तिथल्या गच्च घडाच्या बरणीवर बोट ठेवून म्हणाली, ही सगळ्यात भारी. म्हंजे काडी वाईट न्हवती, मातीबी न्हवती. दोघींचं लगीन चुकलंतं.

बाग राहिली. गच्च वेल तेवढे बुडापासनं छाटून त्यावर मोकळी काडी बांधायची ठरली. जरीनानंच बांधली. पण काड्या मिसळल्या कशा, ह्याचा भुंगा तिच्या डोक्यातनं जाईना. मोळ्या तर तिनंच बांधल्या होत्या.

लई दिवसांनी भाकरी मोडता मोडता शहजाद सहज बोलून गेला. ते लाल सूत मागाच्या मालकानं बाहेर फेकलंतं, म्हणून तर फुकट मिळालं. पाणी लागलं की रंग सुटत होता. लाल पांढरं पडायचं आणि शेजारचं पांढरं लाल व्हायचं. जरीनाला टाकीतलं तांबडं पाणी आठवलं.