चेंबरचा घाम

गाडीखालून पाठीवर घसरत तो बाहेर यायचा, उजव्या हाताचं बोट नाकाशी न्यायचा, डोळे मिटून हुंगायचा आणि म्हणायचा, "गळती नाई भाऊ. घाम हाय."

मग उठून बसायचा आणि समजावून सांगायचा. "इंजीन मेहनत करते. मेहनत करनाऱ्याले घाम येईन नाई तं काय येईन? घाम येत नाई फक्त सायबाच्या गाडीले. ते उभीच राह्यते ऑफिसापुढं."

तुम्ही वर्ध्याकडचे असाल तर नालवाडीला रस्त्याच्या कडेला त्याचं दुकान तुम्हीही पाहिलं असेल. चार टिना, गाडीखाली उतरून काम करायचा एक खड्डा आणि एक बोर्ड. बोर्डावर त्याचं नाव नव्हतं. 'येथे सर्व गाड्यांचे सर्व काम खात्रीने होईल' एवढंच होतं. खात्री कोणाची, ते लिहिलेलं नव्हतं. लोक त्याला मिस्त्री म्हणायचे, मीही तेच म्हणायचो.

माझं शेत केळझरजवळ. वांगी, टमाटे, कोबी, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर काढायचो आणि जुन्या जीपमध्ये भरून वर्ध्याच्या बाजारात आणायचो. नव्वदच्या दशकातली गोष्ट सांगतो आहे. जीप मी घेतली तेव्हापासूनच खालून तेल टाकत होती. इंजिनच्या पोटाखाली टिनाची एक परात असते, तिच्यात तेल राहतं. तिला चेंबर म्हणतात. चेंबर आणि इंजिन यांच्यामध्ये बुचाच्या लाकडाची पट्टी बसवतात, ते पॅकिंग. पॅकिंग नीट बसलं की तेल आत राहतं, नाही बसलं की जमिनीवर येतं. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस, पण एवढं शास्त्र मला पाहून पाहून कळलं. मिस्त्रीला ते माझ्या आधीपासून येत होतं. फक्त त्या शास्त्रावर त्याचा विश्वास नव्हता. त्याचा विश्वास पान्यावर होता.

पॅकिंग तो स्वतः कापायचा. तयार पॅकिंग आणून दिलं तर बाजूला टाकायचा. "कंपनीवाल्यानं तुमची जीप पाह्यली होती काय?" चेंबरच्या कडेवर बुचाची शीट ठेवून बारक्या हातोडीने टुकटुक ठोकत जायचा, आणि पट्टी अशी सुटून यायची की सोनारानेही पाहत राहावं. मग ती जागेवर बसवायचा आणि बोल्ट आवळायला घ्यायचा. इथे त्याच्या अंगात काही तरी संचारायचं. बोल्ट बसला तरी म्हणायचा, "अजून एक दाब." दाबायचा. "अजून एक." असं करत करत पॅकिंग दोन्ही बाजूंनी बाहेर यायचं, क्रीमच्या बिस्कुटातून क्रीम येतं तसं. टिनाची कड बोल्टाजवळ आत जायची आणि दोन बोल्टांच्या मध्ये फुगायची. मग बाजारात जीप उभी केली की खाली काळा ठिपका.

मी सांगायला गेलो की त्याच्याकडे कारण तयार असायचं. एकदा सेलूचा रस्ता खराब होता. एकदा उन्हाळा होता. एकदा म्हणाला, "तुमी कोबी भरता. कोबी जड माल हाय. वांगे भरा."

रात्रभर गाडीखाली जुना पेपर अंथरून ठेवायची त्याची पद्धत होती. सकाळी पेपर उचलून उजेडात धरायचा. दुसरे लोक पेपरातली बातमी वाचतात, हा ठिपके वाचायचा. जाहिरातीवर पडलेल्या तेलाला तो काही बोलायचा नाही. पुढाऱ्याच्या फोटोवर पडलेलं असलं की खूश व्हायचा. "हे तेल नाई वाया गेलं," म्हणायचा.

गावातले लोक मला म्हणायचे, "दादाजी, दुसरा मिस्त्री पाहा ना." मी कसा पाहणार? वर्धा ते नागपूर असा मिस्त्री नाही, हे मीच साऱ्या केळझरला सांगून ठेवलं होतं. तेल घालत राहीन, पण बोललेलं मागे घेणार नाही, असा माझा स्वभाव. बाजारात माझी उभी राहायची जागा कोणी घेत नसे. खाली एवढी काळी रांगोळी असताना तिथे दुसरा कोण उभा राहील?

आणि माणूस वाईट नव्हता. सेलूच्या पुढे कोणाची गाडी बंद पडली असं कळलं की सायकलला पेटी बांधून निघायचा. गाडी चालू होईपर्यंत ड्रायव्हरला घरून आणलेली भाकर खाऊ घालायचा. गाडी चालू व्हायचीच. खाली घाम असायचा, ती गोष्ट वेगळी.

त्याला एक मुलगी होती. एका दिवशी तो माझ्या जीपभोवती नुसताच फिरला, खाली काही गेला नाही.

"भाऊ, गिरडले जा लागते. पोरीचं घर पाह्याले. तुमची जीप लागन."

"जीप तुमचीच हाय मिस्त्री."

"पोट्टा घरी येऊन गेला. पोरीले पसंत हाय, तिच्या मायलेबी. आता आपन तिकडलं घर पाह्याचं." मग म्हणाला, "पोट्टा मेकॅनिक हाय. आयटीआय केलेला. हिंगनघाटले मोठ्या वर्कशॉपात हाय."

'आयटीआय' हा शब्द त्याने असा उच्चारला, जसा आपण एखाद्या रोगाचं नाव घेतो. आणि मग हळूच म्हणाला, "तिथं गळालं नाई पाह्यजे."

गाडी गळू शकते, हे मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो. मी ऐकलं नाही असं केलं.

निघायच्या आदल्या दिवशी त्याने चेंबर उतरवलं. नवी पट्टी कापली. आवळताना त्याच्या मानेच्या शिरा पाहून मला वाटलं, ही जीप आता उभ्या जन्मात उघडणार नाही. "अजून एक दाब," तो स्वतःलाच सांगत होता. दुकानामागेच त्याचं घर, त्याची बायको उंबऱ्यावर बसून पाहत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मी टिनांकडे पाहिलं.

तो माझ्या शेजारी बसला, बायको मागे. गिरडच्या वाटेवर जिथे जिथे चहाची टपरी दिसली तिथे तिथे त्याने जीप थांबवायला लावली. चहा प्यायलाच नाही. वाकून खाली पाहायचा आणि परत चढून बसायचा.

मुलाच्या वडिलांचं किराणा दुकान. दुकानामागे घर, घरापुढे मोठं अंगण, आणि अंगणात नवी कोरी फरशी. लग्नघर म्हणून मुद्दाम बसवलेली असावी. दुकानदार फाटक उघडून उभाच होता.

"आत घ्या, आत घ्या!"

मिस्त्री घाईने म्हणाला, "बाहीरच राहू द्या जी. गाडीले बाहीरची सवय हाय."

"सोयऱ्याची गाडी रस्त्यावर ठेवू काय? गाव काय म्हनन मले?"

आमच्याकडे हे असंच आहे. सोयऱ्याचं वाहन फाटकाबाहेर राहिलं तर तो घरवाल्याचा अपमान. बैलबंडीच्या काळापासून चालत आलेलं आहे, बैलबंडी काही गळत नव्हती. मी जीप आत घेतली आणि त्या गुळगुळीत फरशीच्या बरोबर मध्ये उभी केली.

पोहे आले. मिस्त्री जीपकडे तोंड करून बसला. मुलाच्या वडिलांनी शेती किती विचारलं, तो म्हणाला, "हो." पाऊस कसा आहे विचारलं, पुन्हा म्हणाला, "हो." मग त्याचा घास हातातच राहिला. मीही पाहिलं. पहिला थेंब पडला होता.

तो उठला, जीपजवळून सहज गेल्यासारखा गेला आणि खांद्यावरचा दुपट्टा खाली पाडून परत आला.

"अजी, दुपट्टा पडला तुमचा," दुकानदार म्हणाला. मोठा आदरातिथ्याचा माणूस. स्वतः उठला, वाकला आणि दुपट्टा उचलला. दुपट्ट्यावर काळं, फरशीवर काळं. "हे काय जी?"

"घाम हाय," मिस्त्री म्हणाला. पण नेहमीसारखा नाही म्हणाला. बोट नाकाशी नेलंच नाही.

दुकानदाराने मुलाला हाक मारली. "बाबू, पाह्य बरं काय होय ते."

पोरगा पांढऱ्या शर्टात होता. तसाच फरशीवर आडवा झाला आणि जीपखाली सरकला. आम्हाला फक्त त्याची पॅन्ट आणि मोजे दिसत होते. मिस्त्रीची बायको पोह्याच्या बशीत पाहत बसली. मिस्त्री कुठे पाहत होता ते मला माहीत नाही, कारण मी त्याच्याकडे पाहिलं नाही. इतक्या वर्षांत मी साऱ्या केळझरला जे सांगत आलो, ते खरं की खोटं हे आता गिरडच्या एका पोट्ट्याच्या तोंडात होतं.

पोरगा बाहेर आला. बोट काळं, शर्टाची पाठ काळी. चिंधीने बोट पुसलं आणि वडिलांना म्हणाला, "काकाजी म्हनते ते बरोबर हाय, बाबा. दूरून आली ना गाडी. घामच हाय."

"अस्सं होय!" दुकानदार म्हणाला. "मले काय समजते त्यातलं! चहा आना रे."

परत येताना मला वाटलं, मिस्त्री आता गाणं म्हणेल. तो समुद्रपूरपर्यंत रस्त्याकडे पाहत बसला. मग म्हणाला, "भाऊ, हे सोयरीक नाई जमत."

"काऊन?"

"इचार करा. पोट्ट्याले गळती दिसली नाई, तं तो मिस्त्री नाई. अन् दिसली तरी बोल्ला नाई, तं तो खोटारडा हाय. दोघातल्या कोन्याले पोरगी देऊ?"

मी जीप हळू केली. "मिस्त्री, म्हनजे गळती हाय?"

"समोर पाहून चालवा," तो म्हणाला.

मागून त्याची बायको बोलली. "त्या पोरानं तुमची लाज झाकली, अन् तुमी त्याच्यात खोट काढून राह्यले. पोरगी वाट पाहून राह्यली घरी. तिले काय सांगू, चेंबर आडवं आलं म्हनून?"

मिस्त्री 'सोयरीक नाई' असं बोलून बसला. एकदा बोलला म्हणजे बोलला. गिरडहून निरोप आला, काय ठरलं म्हणून, तर याने काहीच कळवलं नाही. मी भाजी घेऊन गेलो की तो खड्ड्याच्या काठावर बसलेला असायचा. "पोरगी भाकर वाढते," म्हणायचा, "बोलत नाई." दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला म्हणाला, "दुसरं स्थळ पाह्यतो म्हटलं, तं उठून आत गेली. भाऊ, आता काय करू?"

माझ्यासारख्या माणसाला हे विचारत होता. मी म्हटलं, "मानूस तपासायचा असन तं खड्ड्यात उतरवून तपासा. पोह्यावर काय तपासता?"

त्याने पोराला एकट्याला बोलावून घेतलं. माझी जीप खड्ड्यावर होती. नमस्कार झाला आणि याने बोटाने दाखवलं. "चेंबर खोलून पाह्य."

पोराने बाही वर केली आणि उतरला. चेंबर बाहेर काढून घासून धुतलं आणि सपाट लोखंडी पत्र्यावर पालथं ठेवलं. ते पाळण्यासारखं डुलायला लागलं. हातोडीने हळूहळू ठोकून कड सरळ करत बसला, चेंबर डुलायचं थांबेपर्यंत. पॅकिंग मात्र मिस्त्रीने कापलेलंच घेतलं. "कटाई एक नंबर हाय, काकाजी," म्हणाला. ते खरंच होतं. मग आवळायला घेतलं. एक इकडचा, एक तिकडचा, सारे सारखे, मनगटाच्या जोराने. आणि पाना खाली ठेवला.

मिस्त्री म्हणाला, "अजून एक दाब."

"नाई."

"दे म्हनतो ना!"

"नाई काकाजी. दाबलं म्हनून तं गळते."

मी रस्त्याकडे पाहायला लागलो. एक ट्रक गेला, मग एक एसटी गेली. मिस्त्रीने विचारलं, "मंग गिरडले काऊन नाई बोल्ला?"

पोरगा खड्ड्यातून वर पाहत म्हणाला, "तिथं सोयरे बसले होते. इथं तुमी अन् मी काम करून राह्यलो."

मिस्त्रीने वाकून पाना उचलला. मला वाटलं, हा आता खाली उतरून स्वतःच दाबतो. त्याने तो पुसला, पेटीत ठेवला, पेटी बंद केली आणि घराकडे तोंड करून ओरडला, "चहा टाक वं! जावई आले हायत!"

आत भांडं पडल्याचा आवाज आला. मुलीने पाडलं की आईने, ते कळलं नाही.

लग्न झालं. जीप कोरडी झाली. आणि मी फसलो, कारण आता नालवाडीला थांबायला मला काही कामच उरलं नाही. तरी बाजार झाला की मी जीप तिकडे वळवायचो. केळझरमध्ये सांगायचो, बघा, माझ्या मिस्त्रीने गळती कशी बंद केली. जावयाचं नाव सांगायची मला काही गरज वाटली नाही.

पुढे त्याच्याकडे गाड्या कमी यायला लागल्या. नव्या गाड्या नव्या वर्कशॉपात जायच्या. त्याला दमही लागायचा. एका उन्हाळ्यात बाजारातच कोणीतरी सांगितलं की मिस्त्री गेला. माझी अर्धी भाजी उतरायची होती. ती मी तशीच परत घेऊन आलो. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. खड्डा बुजवला.

त्याच्या आधीच्या माघातली गोष्ट. मी गेलो तर म्हणाला, "आले तं पाहून घेतो." मी म्हटलं, काही नाही हो तिला. तरी पोतं अंथरून जीपखाली गेला. मी दुकानाच्या पायरीवर बसलो. बराच वेळ गेला. वाकून पाहिलं तर चेंबरखाली चेहरा, हात पोटावर, आणि मिस्त्री झोपलेला. जीपच्या सावलीबाहेर त्याचे दोन पाय, एका पायातली चप्पल सुटून बाजूला पडलेली.

तेवढ्यात एक ट्रॅक्टरवाला आला. "मिस्त्री नाईत काय?"

मी म्हटलं, "हळू बोल. खाली हायत. काम बारीक हाय, वेळ लागन."

तो पाय पाहून बिचारा खाली बसला, आणि आम्ही दोघं थांबलो.