फुली कुठे मारली

गतिरोधक कुठे हवा, हे रहिवाशांनी नकाशावर फुली मारून सांगायचं होतं. मी नकाशा चुकून उलटा धरला आणि गल्लीच्या त्या टोकाच्या देसाईंच्या दाराऐवजी या टोकाला, आमच्याच दारासमोर फुली मारली. 

त्याच आठवड्यात देसाईंच्या भरधाव गाडीनं बायकोच्या नव्या साडीवर चिखल उडवला होता. शिवाय काच खाली करून म्हणाले, “वहिनी, जरा कडेनं चालावं!” म्हणून ‘कारण’ या रकान्यात मी ‘ज्येष्ठांची सुरक्षा’ लिहिलं, मनात मात्र रोज सकाळी देसाईंचं डोकं गाडीच्या टपाला आपटत होतं. सूड इतक्या सुवाच्य अक्षरांत लिहिता येतो!

काल गतिरोधक झाला. देसाई त्या टोकानं सुसाट गेले. इकडे आमची स्कूटर उडाली.

मी फुलीची कबुली दिली. मागच्या सीटवर कंबर धरून बायको म्हणाली, “पुन्हा सूड घ्यायला निघालात, तर आधी मला उतरवा.”