खुंट्याजवळची खुर्ची

माझ्या गाईडना एकच शब्द येत असे: दिशा. विषय सांगितला, की म्हणायचे, "दिशा काय?" संदर्भांची चळत पुढे ठेवली, की "ते ठीक आहे, पण दिशा?" विषय तर त्यांनीच माझ्या गळ्यात मारलेला. उद्योग आणि नवनिर्मितीची इकोसिस्टिम. म्हणजे काय, तर कुठलाही धंदा एकटा जगत नाही. माल देणारे, स्पर्धा करणारे, गिऱ्हाइकं, सगळे एकमेकांना धरून असतात आणि त्यातूनच काहीतरी नवं निघतं. एवढी साधी गोष्ट! पण ती कुठल्या टोकाने अभ्यासावी यावर लोकांनी इतकं लिहून ठेवलंय, की वाचता वाचता माझ्या चष्म्याचा नंबर वाढला, दिशा काही सापडेना.

मी लवळ्याच्या डोंगरावरच्या एका कॉलेजात व्यवस्थापन शिकवत होते, कंत्राटी. पीएच.डी. झाली तर नोकरी कायम, नाही झाली तर नमस्कार. समितीने बजावलं होतं, की पुढच्या बैठकीत दिशा ठरली नाही तर नोंदणीच रद्द. चाळिशीत मी परत अर्ज घेऊन दारोदार हिंडू? माझी झोप उडाली होती.

"लांब कशाला जाता?" गाईड म्हणाले. "गेटाबाहेर बघा."

गेटाबाहेर, उताराला, गावात माझी खोली होती. दोन जावांच्या घरात मी भाड्याने राहायचे. शेती बरीचशी विकून झालेली. नवरे भूगावकडे लोकांना प्लॉट दाखवत हिंडायचे आणि घर चालायचं ते जावांच्या खानावळीवर. एकच अंगण, दोन स्वयंपाकघरं. थोरली कालवण करायची, धाकटी भाकऱ्या. डोंगरावरची पोरं अर्धं ताट इकडून, अर्धं तिकडून भरून मधल्या बाकांवर जेवायची. आणि या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या! वाटणीच्या वेळी तांब्याच्या एका घंगाळावरून वाजलं होतं म्हणे. ते घंगाळ शेवटी कुणीच उचललं नाही. ते अंगणातल्या नळाखाली पडलेलं असायचं आणि दोघींचीही खरकटी भांडी त्यातच भिजायची.

मी अक्षरशः उडी मारली. एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या दोन व्यावसायिक, आणि तरी धंदा घड्याळासारखा चालू. पुस्तकवाले याच्या शोधात देशोदेशी फिरतात, आणि माझ्या तर खिडकीखालीच सापडलं.

मुलाखती सुरू केल्या. थोरलीने प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. "तितं बसा म्याडम, मधी. खुंट्यापाशी." अंगणाच्या मधोमध लोखंडी खुंटा होता, त्याच्याशेजारी मी वही घेऊन बसले.

"तुमच्या व्यवसायात सहकार्याची गरज कधी भासते?" मी विचारलं.

मी बहिरी असल्यासारखी थोरली ओरडली, "आता बगा म्याडम, उद्या मटकीची उसळ हाय. उसळीला भाकर जास्त लागती. काई लोकांनी चार जास्त थापल्या तर हात झडत न्हाईत!"

दुसऱ्या दिवशी भाकऱ्यांची चवड उंच. मी लिहिलं, मागणीचा पूर्वअंदाज. मग धाकटीकडे वळून नवनिर्मितीबद्दल विचारलं. तीही तेवढ्याच जोरात, "काई लोकं डोळं मिटून मीठ टाकत्यात, त्याला तुमच्या पुस्तकात काय म्हनत्यात?" संध्याकाळी कालवणाला मीठ बरोब्बर. मी लिहिलं, गुणवत्ता नियंत्रण. 'लेकी बोले सुने लागे' या म्हणीचा मी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवला होता, बाईंनी पाठ थोपटली होती. पण डोळ्यांदेखत घडत असताना डोक्यात उजेड पडेल तर शपथ!

एकदा न राहवून थोरलीला म्हटलं, "अहो, सरळ बोलून टाका की एकदा."

"सरळ परक्यासंगं बोलावं," ती म्हणाली. "रुसायचं ते आपल्या मानसावर." हे कुठल्या रकान्यात बसवावं ते मला कळलं नाही, म्हणून लिहिलंच नाही.

बैठकीत मी झोकात आकृती दाखवली. गोल, गोलांमधून बाण, बाणांवर नावं. समितीच्या अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला. "सगळे बाण या मधल्या गोलातून जातात. हे कोण?"

"मीच," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता माझा आवाज खाली गेला.

"इथेच घोडं पेंड खातंय," गाईड पुटपुटले. हे माझेच गाईड बरं का!

अध्यक्षबाईंनी निकाल दिला. संशोधकाने चित्रात असता कामा नये. तुम्ही पंधरा दिवस तिथून बाजूला व्हा. तुमच्याशिवाय ती व्यवस्था उभी राहिली तर मान्यता. आणि कारण कुणाला सांगायचं नाही, नाहीतर प्रयोग नासेल.

मी 'जाऊन येते' एवढंच म्हणून भूगावला मावसबहिणीच्या फ्लॅटवर गेले. थोरलीने कुठं, कशाला, विचारलं. मी हसून टाळलं.

परत आले ती रिक्षाने. रिक्षावाला गावातलाच. मी बसताच सुरू झाला, "म्याडम, तुमी गेला आन् सगळा इस्कोट झाला बगा. सोमवारी दोघींनीबी कालवणच केलं, भाकर न्हाई. मंगळवारी दोघींनीबी भाकरीच. बुधवारी रागानं दोघींनीबी उपास धरला. पोरं वर जाऊन न्यूडल खायला लागली."

"पण मी यायच्या आधी कसं चालत होतं?"

"शेळी हुती की!" तो म्हणाला. "खुंट्याला बांधलेली असायची. तिलाच सांगायच्या समदं. ती इकली, आन् त्याच आठवड्यात तुमी ऱ्हायला आला, तवापास्नं येता-जाता तुमालाच ऐकवत्यात. तुमी बऱ्या पडला हो, लेंड्या न्हाईत!"

कपाळ माझं! दोन पदव्या घेऊन मी शेळीच्या जागेवर बसले होते, आणि वर वही घेऊन. राग आला, मग इतकं हसू आलं की रिक्षावाल्याने काळजीने मागे वळून पाहिलं.

समितीपुढे 'राहिली हो उभी' म्हणून मोकळं होता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण ताकाला जाऊन भांडं किती लपवायचं? मी शेळीचं सांगून टाकलं. मग गाईड उभेच राहिले. "हीच ती दिशा! आजवर सगळ्यांनी माणसंच मोजली!" समितीनेही माना डोलावल्या. मान्यता मिळाली, अटींवर. 'शेळी' शब्द काढून 'मानवेतर मध्यस्थ घटक' घालावा. तो घटक खुंट्याला पुन्हा बांधावा. आणि संशोधकाने खिडकीतून फक्त निरीक्षण करावं. खानावळीच्या व्यवहारात एक शब्द जरी बोलली तरी अभ्यास बाद, नोंदणीही बाद.

कॉलेजच्या खरेदी विभागाने मानवेतर घटकाचं गॅरंटी कार्ड मागितलं. शेवटी मीच वरच्या वाडीतल्या मेंढपाळाकडून शेळी आणली आणि बांधली.

त्याच सकाळी थोरलीचा आवाज घुमला, "शेळे, आज पिठलं हाय म्हणावं!" धाकटीने तवा ठेवला. पोरं परत आली. मी खिडकीत लिहीत होते. पण दोघीही माझ्याकडे बघेनात. समोरून गेले तरी मान वळवून घ्यायच्या. समितीची अट आपोआपच पाळली जात होती, आणि मला रडू यायचं. शेळी मिळाली, आता हिचं काय काम, असंच असणार. इतके दिवस यांनी मला उशीर झाला का, दमलात का विचारलं, तेही बहुतेक एकमेकींसाठीच असणार.

एका संध्याकाळी मी कॉलेजातून उपाशीच आले आणि कुणाकडे न बघता खोलीत शिरले. खाली थोरली शेळीला म्हणाली, "शेळे, काई लोकं न सांगता भूगावला जाऊन बसत्यात. जेवल्यात का न्हाई, आपल्याला काय करायचंय!"

पलीकडून धाकटी, "शेळे, भाकर झाकून ठिवलीया म्हणावं. गार झाली तर आमाला बोल लावू नगा."

मी खिडकीत पेन धरून बसले. रुसायचं ते आपल्या माणसावर, हे वहीत कुठेच नव्हतं, पण ऐकलेलं होतं. गाईड आठवले, अध्यक्षबाई आठवल्या, कायम होणारी नोकरी आठवली. एक शब्द, की सगळं गेलं.

मी जिना उतरले. दोघीही आपापल्या दारात, पाठ करून उभ्या होत्या. मी खुंट्याशी उकिडवी बसले आणि दोन्ही स्वयंपाकघरांत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शेळे, वाढा म्हणावं त्यांना. लई भूक लागलीया."